बंद डोळ्यांचं कासव: सांगलीतल्या एका घरात आहार कसा बदलला

पार्श्वभूमी

मी सांगलीत पाळीव जनावरांचा लहानसा दवाखाना चालवतो. येतात ती मुख्यतः कुत्री-मांजरं, कधी शेळी, कधी पोपट. कासव महिन्यातून एखादं येतं आणि बहुतेक वेळा उशिरा येतं. कुत्र्यानं एक वेळचं खाणं सोडलं तर घर जागं होतं. कासवानं आठवडाभर तोंड लावलं नाही तरी "थंडीमुळं असेल" म्हणून दिवस ढकलले जातात.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की या घरात कासवाची आबाळ कुणीच केली नव्हती. त्याला दिवसातून दोन वेळा, न चुकता, मायेनं खायला मिळत होतं. फक्त रोज तेच मिळत होतं. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी त्यांना विचारलं आहे.

घर विश्रामबागच्या बाजूचं. वडील हळदीच्या अडतीत, आई शिक्षिका, मुलगा सातवीत, आणि आजी तासगावकडच्या गावातून इथे राहायला आलेल्या. चौदा महिन्यांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला एका दुकानातून कासवांची जोडी आणली होती. हिरवीगार, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, डोळ्यामागे लाल पट्टा. दुकानदारानं सोबत एक डबी दिली आणि सांगितलं, "दोन वेळा चिमूटभर टाका, बाकी काही लागत नाही." डबीत वाळवलेले बारीक झिंगे होते. चार महिन्यांत जोडीतलं एक कासव मेलं. का मेलं ते कुणाला कळलं नाही. पाणी बाधलं असेल असं घरात ठरलं आणि दुसऱ्याची जास्तच काळजी घेतली जाऊ लागली. काळजी घेणं म्हणजे झिंगे थोडे जास्त टाकणं.

कासव दवाखान्यात आलं की आधी ते कोणतं आहे हे मी बघतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात त्याला. आपल्याकडचं तारा कासव, किंवा तळ्या-विहिरींत सापडणारं मऊ पाठीचं कासव असतं, तर उपचाराआधी वनविभागाला कळवावं लागलं असतं. आपली देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. असं कासव कुणाकडे असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो.

काय दिसलं

नोव्हेंबरचा शेवट होता. मुलगा प्लास्टिकच्या डब्यात ओल्या फडक्यावर कासव घेऊन आला. दोन्ही डोळे बंद. पापण्या भिजवलेल्या वाटाण्यासारख्या टच्च फुगलेल्या. पाठीची लांबी साडेसात सेंटिमीटर, वजन ७२ ग्रॅम. पाठीच्या कवचाची मागची कड बोटानं हलकेच दाबली तर पुठ्ठ्यासारखी लवत होती आणि थोडी वर वळलेली होती. या वयात कड इतकी लवायला नको. नाकातून पाणी नव्हतं, तोंड उघडून श्वास घेत नव्हतं, कानाच्या जागी गाठ नव्हती, आणि पाण्यात सोडल्यावर एका कुशीवर कलत नव्हतं. म्हणजे फुप्फुसं अजून ठीक होती. दहा दिवसांपासून खाणं बंद होतं.

पापणी हलकेच दाबून खालच्या बाजूनं सलाईन सोडलं, तर चीजसारखा पांढरट, घट्ट गोळा बाहेर आला. मुलानं मान वळवली. वडिलांनी विचारलं, "डोळे गेले का?" डोळे शाबूत होते, आत बुबुळ स्वच्छ दिसत होतं.

जीवनसत्त्व अ कमी पडलं की हे घडतं. डोळ्याभोवतीच्या ग्रंथी, नाक, श्वासनलिका यांचं आतलं अस्तर ओलसर आणि मऊ राहायला हे जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की अस्तर जाड, कोरडं होत जातं, ग्रंथींची तोंडं बुजतात आणि आत मळ साठून पापण्या फुगतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाकडे बलकातून मिळालेला थोडा साठा असतो. तो काही महिने पुरतो. म्हणूनच दुकानातून आणलेलं कासव आधी छान हिंडतं-फिरतं आणि वर्षभराच्या आसपास असं बसतं. डोळे बंद झाले की त्याला अन्न दिसत नाही, दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि खात नाही म्हणून आजार वाढतो.

मऊ कवचाचा दोष वेगळा. तिथे कॅल्शियम आणि ऊन दोन्ही कमी पडलेलं.

खाण्याची चौकशी

"काय खायला घालता?" या प्रश्नाला "टर्टल फूड" हे उत्तर मिळतं आणि आपण पुढे जातो. मी डबी घेऊन यायला सांगितली. डबीत गोळ्या नव्हत्या, नुसते वाळलेले झिंगे. त्यांत प्रथिनं असतात, पण जीवनसत्त्व अ नगण्य. कासवाला ते भयंकर आवडतात, आणि त्यांची चटक लागली की बाकी कशाला ते तोंड लावत नाही. माणसाच्या पोरानं रोज नुसते कुरकुरे खावेत तसं हे.

शिवाय कधी भाताची शितं, कधी पोळीचा तुकडा. भाजी कधी दिली होती का? एकदा कोबीचं पान टाकलं, ते दोन दिवस तरंगत राहिलं, पाणी सडलं, पुन्हा दिलं नाही.

ऊन मिळतं का? मिळतं, असं आई म्हणाली. टाकी खिडकीजवळ असते, सकाळचं कोवळं ऊन काचेतून येतं. यात दोन चुका होत्या आणि दोन्ही भल्या समजुतीतून आलेल्या. कासवाच्या कातडीत जीवनसत्त्व ड तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात आणि खिडकीची काच तेच अडवते. आपल्याला कोवळं ऊन चांगलं वाटतं, पण सूर्य खाली असताना त्या उन्हात यूव्हीबी फार थोडे असतात. ड नाही म्हणजे पोटात गेलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. वाढत्या कासवाचं कवच मग मऊच राहतं.

एक गोष्ट मी त्या दिवशी विचारली नाही. टाकीतल्या पाण्याचं तापमान. ती चूक पुढे नडली.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय जीवनसत्त्व अ-च्या इंजेक्शनचा. झटपट आहे, पण दुधारी. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि यकृतात साठतं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. मात्रा चुकली तर कासवाची कातडी सोलून निघते, खाली लाल मांस उघडं पडतं आणि ते आधीच्या दुखण्यापेक्षा वाईट. ७२ ग्रॅमच्या जिवाला देताना सिरिंजमधला एखादा थेंबही मोठा असतो. म्हणून घरी कुणी हे करून बघू नये, माणसांच्या कॅप्सूल फोडून तर नाहीच नाही.

दुसरा पर्याय तोंडावाटे देण्याचा. आठवड्यातून एकदा नखाएवढी कोंबडीची कलेजी, छोटे अख्खे मासे. औषधाइतकंच चांगलं काम करतं. पण या घरात मटण-मासे येत नाहीत. वाळलेले झिंगे बंद डबीत येत होते आणि टाकीपाशीच राहत होते, ते कसंबसं चालून गेलं होतं. कलेजी मात्र फ्रीजमध्ये ठेवायची म्हटल्यावर आजींचा चेहरा उतरला. मी आग्रह धरला नाही. ज्या खाण्याची घरातल्यांना शिसारी येते ते आठवडाभर दिलं जातं आणि मग बंद पडतं, हे मी पुष्कळ पाहिलंय.

तिसरा पर्याय चांगल्या प्रतीच्या गोळ्यांचा. कासवासाठी बनवलेल्या गोळ्यांत जीवनसत्त्व अ, ड आणि कॅल्शियम मिसळलेलं असतं. मात्र गोळ्याच एके गोळ्या दिल्या तर झिंग्यांच्या जागी दुसरं एकच खाणं आलं, इतकंच. लहानपणी ही कासवं बरीचशी मांसाहारी असतात, वयात येतील तशी पालापाचोळ्याकडे, पाणवनस्पतींकडे वळतात. तरुणपणी हिरव्याची ओळख झाली नाही तर पुढे ती करून देणं जड जातं.

चौथा पर्याय आजींनी सुचवला. अगदी मनापासून. "डॉक्टर, कृष्णामाईत सोडून दिऊया. तिथं त्याला काय पायजे ते मिळंल. पुण्य लागंल." हरिपूरला संगमावर सोडायचं त्यांच्या मनात होतं. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून पुढे जाणाऱ्या बाईला नदीत कासव सोडणं पुण्याचं वाटणारच. त्यांना सांगितलं की हे कासव आपल्या नदीचं नाही. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत याचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये याची आयात बंद केली ती ते तिथल्या तळ्यांत पसरायला लागलं म्हणूनच. आपल्या दख्खनच्या नद्यांत लीथचं मऊ पाठीचं कासव राहतं, त्याची गणना आज अतिसंकटग्रस्त जातींत होते. त्याच्या वाट्याचं अन्न, उन्हाला बसायची जागा हे परकं कासव बळकावू शकतं, दुखणीही नेऊ शकतं. आणि हे आंधळं झालेलं, ७२ ग्रॅमचं पिल्लू तर नदीत दोन दिवसही टिकलं नसतं. आजी गप्प बसल्या. पटलं की नाही ते त्या वेळी कळलं नाही.

काय ठरवलं, काय केलं

इंजेक्शन एकदाच, कमीत कमी मात्रेत. कलेजीचा रस्ता बंद होता आणि डोळे उघडल्याशिवाय गोळ्या पोटात जाणार नव्हत्या, म्हणून हा निर्णय. रोज सलाईननं डोळे धुवायचे आणि मलम लावायचं. झिंगे पूर्ण बंद. खाण्याचा तक्ता लिहून दिला:

निम्म्याच्या आसपास गोळ्या आणि गांडूळ, बाकी हिरवं. गोळ्या एका वेळी कासवाच्या डोक्याएवढ्या, त्याहून जास्त नाही. हिरव्यात मुख्य म्हणजे शेवग्याचा पाला, कारण त्यात कॅल्शियम भरपूर आणि जीवनसत्त्व अ तयार व्हायला लागणारा ऐवजही. त्याशिवाय अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती), किसलेला लाल भोपळा, गाजर. पालक, माठ, चाकवत, चुका रोज नको, त्यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. कोबी क्वचित. भात, पोळी, दूध, ब्रेड कधीच नाही.

अझोल्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या भागात ते सहज मिळतं. गवळी, दूधवाले शेतकरी जनावरांच्या खुराकासाठी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात ते वाढवतात. पसाभर मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. पण त्या खड्ड्यात शेण आणि सुपर फॉस्फेट टाकलेलं असतं. म्हणून चाळणीत चार पाण्यांनी धुवायचं, दोन दिवस स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात ठेवायचं आणि मग टाकीत सोडायचं. दुसरं, तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागांवर सतत फवारण्या चालू असतात. बागेच्या बांधावरचा पाला किंवा तिथली गांडुळं कासवाला घालू नयेत, कितीही ताजी दिसली तरी.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन सांगितलं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं ते पांढरं, हलकं, खरडल्यावर पावडर होणारं. पाण्यात एक तुकडा तरंगत सोडला की कासव हवं तेव्हा कुरतडतं. ऊन गच्चीवर, थेट, दहा-साडेदहाच्या सुमारास अर्धा तास, अर्ध्या टबावर सावली धरून आणि कुणीतरी शेजारी बसून. कावळे आणि मांजरं कासव उचलतात, आणि सावली नसलेल्या टबात कासव शिजूही शकतं.

आणखी एक. टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुतली जात होती. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे ती लहान मुलं आजारी पडत होती म्हणून. टाकी बाहेरच्या नळावर धुवायची, हात साबणानं, हे मुलाकडून म्हणवून घेतलं.

वजन दर तीन दिवसांनी करायचं ठरलं. वडील वजनकाट्याचा माणूस. त्यांनी अडतीतल्यासारखी एक वही घातली. तारीख, वजन, काय दिलं, काय खाल्लं.

बारावा दिवस

बाराव्या दिवशी वडिलांचा फोन आला. वजन ६८. एक डोळा फटीएवढा उघडलाय, पण कासव काही म्हणजे काही खात नाही. शेवग्याचा पाला टाकला की तोंड फिरवतं, गोळ्या फुगून तळाला जातात. गांडूळखतातली तांबडी गांडुळं आणली होती, ती तोंडात घेऊन थुंकली. (ती गांडुळं उग्र रस सोडतात, पुष्कळ कासवांना चालत नाहीत. परसातली काळपट, जाड गांडुळं बरी. हे मला माहीत होतं, तक्त्यात लिहायचं राहिलं.) "परत झिंगे सुरू करू का? आणि अजून एक इंजेक्शन द्या की."

हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. खाणं बदलताना कासव हट्ट करतं, आठवडा-दीड आठवडा उपाशी राहतं, हे खरं आहे. धडधाकट कासव असेल तर मी सांगतो, धीर धरा. पण आजारी कासवानं पाच टक्क्यांहून जास्त वजन गमावलं असताना याला हट्ट म्हणायचं की आणखी काही? दुसरं इंजेक्शन द्यायला मी साफ नकार दिला. डोळा उघडायला लागला होता, म्हणजे पहिल्याचं काम चालू होतं. झिंग्यांबद्दल मात्र मन हो-नाही करत होतं. "उद्या सांगतो" म्हणालो आणि संध्याकाळी दवाखाना बंद करून त्यांच्या घरी गेलो.

टाकी खिडकीतून काढून जिन्याखाली, फरशीवर ठेवलेली. खिडकीचं ऊन उपयोगाचं नाही असं मीच सांगितलं होतं ना! पाण्यात थर्मामीटर धरला. १९ अंश. डिसेंबरात सांगलीची रात्र चांगलीच गार होते आणि फरशीवरचं पाणी दिवसाही तापत नाही.

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार म्हणजे पोट गार. १९ अंशांना त्याची भूक मरते, आणि खाल्लंच तरी ते पचत नाही, आतड्यात पडून राहतं. आम्ही बारा दिवस त्याच्यापुढे ताटं मांडत होतो आणि त्याचा जठराग्नीच विझलेला होता. भाजीचा यात काही दोष नव्हता. आणि झिंगे टाकले असते तरी फार काही घडलं नसतं.

त्याच रात्री ५० वॅटचा टाकीचा हीटर आणला, कासव त्याला चिकटून भाजू नये म्हणून भोवती जाळी. पाणी एकदम न तापवता दोन दिवसांत २६ अंशांवर आणलं. एका कडेला विटेवर सपाट फरशीचा तुकडा, वर साधा बल्ब, म्हणजे अंग शेकायला कोरडी जागा झाली. पंधराव्या दिवशी मुलानं व्हिडिओ पाठवला. चिमट्यात धरलेलं काळं गांडूळ पाण्यात वळवळतंय, कासव मान लांब करून थांबतं, डोळा तिरका करतं, आणि मग झडप. गिळताना पुढच्या दोन्ही पायांनी ते तोंडापासून दूर लोटतं आणि उरलेलं तोडतं. व्हिडिओत मागून आजींचा आवाज येतो, "खाल्लं बया, खाल्लं."

वहीतला घोळ

यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. दोन्ही डोळे विसाव्या दिवसापर्यंत उघडले. गांडूळ खायचं, गोळ्या एखाद-दुसरी. हिरव्याला मात्र तोंड नाही. शेवगा नाही, भोपळा नाही, अझोला तरंगत राहायचं.

सव्विसाव्या दिवशी वडील वही घेऊन आले. त्यांच्या लक्षात आलं होतं ते माझ्या आलं नसतं. "डॉक्टर, हिशेब जुळत नाही. आठ दिवसांत खाल्लेलं बघितलं तर तीन गांडुळं आणि पाच-सहा गोळ्या. वजन मात्र चार ग्रॅम वाढलंय. जमा नाही आणि शिल्लक वाढतेय, असं कसं?"

घरी विचारल्यावर आजींनी सांगून टाकलं. दुपारी सगळे बाहेर गेले की त्या डबीतले झिंगे टाकत होत्या. डबी फेकलेली नव्हतीच, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मुकं जनावर हाय. त्ये माझ्याकडं बघतंय. मी जेवायची आणि त्याला पाल्यापुढं बसवायचं? एक आधीच मेलंय माझ्यासमोर."

वडील चिडले होते. त्यांचं म्हणणं, डबी टाकून द्या, विषय संपवा. इथे दुसरा निर्णयाचा क्षण होता, आणि यात मी बराच वेळ घालवला. डबी टाकली असती तर आजींनी पोळी टाकली असती, किंवा दुसरी डबी आणवली असती. दिवसभर टाकीजवळ असणारं माणूस घरात एकच होतं. तक्ता मी वडिलांच्या हातात दिला होता, जे सकाळी नऊला मार्केट यार्डात जातात आणि रात्री येतात. कासवाला भरवणारा हात आजींचा होता आणि त्यांच्याशी मी नदीचा विषय सोडून काही बोललोच नव्हतो.

मी आजींना म्हटलं, आता याचं खाणं तुमच्याकडे. बाकी कुणी काही टाकायचं नाही. डबीही तुमच्याकडेच राहू द्या, पण झिंगे मूठभर द्यायचे नाहीत, चुरा करून वरून भुरभुरायचे. कशावर, ते दाखवतो.

आजींच्या वड्या

गोळ्या कोमट पाण्यात भिजवून मऊ करायच्या. शेवग्याचा पाला देठं काढून, वाफवलेला लाल भोपळा, दोन्ही पाट्यावर किंवा मिक्सरला बारीक. चायना ग्रास पाण्यात उकळून विरघळवायचा, खाली उतरवून कोमट होऊ द्यायचा आणि मग त्यात हे सगळं कालवायचं. उकळत्यात टाकलं तर जीवनसत्त्वं जातात. खरडलेल्या समुद्रफेनाची चिमूट. ताटलीत थापून, घट्ट झालं की शेंगदाण्याएवढ्या वड्या पाडायच्या आणि फ्रीजरमध्ये. देताना आधी पूर्ण वितळू द्यायच्या. मिठाचा कण नाही, तेलाचा थेंब नाही.

यात मासे-मटण काही नसल्यानं ते आजींच्या स्वयंपाकघरात चाललं. गोळ्यांमध्ये माशाची पावडर असते, हे मी लपवलं नाही. त्या म्हणाल्या, त्ये औषध समजते मी. वाटायला त्यांनी वेगळा खल काढला.

चायना ग्रासमुळं वडी पाण्यात विरघळत नाही, कासवाला तोडून खाता येते आणि मुख्य म्हणजे हिरवं बाजूला काढून आवडीचं तेवढं उचलता येत नाही. कासव पाण्यातच गिळू शकतं, त्याची जीभ घास आत ढकलत नाही, म्हणून वडी पाण्यातच टाकायची. पहिल्या दिवशी आजींनी वडीवर झिंग्यांचा चुरा लावून टाकली. कासवानं चुरा चाटून-ओरबाडून काढताना वडीचा कोपरा तोडला. दुसऱ्या दिवशी अर्धी गेली. तीन आठवड्यांत चुरा कमी होत होत आठवड्यातून एकदा चिमूटभरावर आला.

नुसत्या पाल्याला तोंड लावायला मात्र फेब्रुवारी उजाडला. तेही योगायोगानं. आजी शेवगा निवडत बसल्या होत्या, एक डहाळी टाकीत पडली, पानं पाण्यात हलायला लागली आणि कासव मागून येऊन पान ओढून गेलं. हलणारं ते खायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. तेव्हापासून आजी डहाळी दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडतात आणि दोरा हलवतात.

निष्पत्ती

वहीतले आकडे असे: पहिल्या दिवशी ७२, बाराव्या दिवशी ६८, हीटर लावल्यानंतरच्या वजनात सगळ्यात कमी ६७, चाळिसाव्या दिवशी ७५, पाच महिन्यांनी १०३ ग्रॅम. डोळे स्वच्छ. कवचाची कड साडेतीन-चार महिन्यांनी बोटाला कडक लागायला लागली. वर वळलेला भाग तसाच आहे आणि तसाच राहणार, कवच कडक झालं म्हणून आकार परत येत नाही. मुलानं दोनदा विचारलं की हे सरळ कधी होईल. होणार नाही, हे त्याला सांगावं लागलं.

पावसाळ्यात गच्चीवरचं ऊन बंद होणार म्हणून मे महिन्यात यूव्हीबी ट्यूब बसवली. ती पेटती दिसली तरी तिचे उपयोगी किरण काही महिन्यांत घटतात, म्हणून बदलायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तापमान पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, आणि विचारून न थांबता मोजायला सांगायला हवं होतं. बारा दिवस वाया गेले. थोडं अधिक अशक्त कासव असतं तर त्या बारा दिवसांत गेलं असतं. आता कासव आलं की मी आधी पाण्याचं तापमान विचारतो, मग खाणं.

इंजेक्शन द्यायला हवं होतं का, याचं उत्तर या प्रकरणातून मिळत नाही. इंजेक्शन, डोळे धुणं आणि पुढे गोळ्या हे एकापाठोपाठ झालं, त्यामुळं डोळे कशानं उघडले हे वेगळं काढता येत नाही. कलेजी चालणारं घर असतं तर मी बहुधा सुई लावली नसती. दुसरी सुई नाकारली ते बरोबर होतं याबद्दल मात्र मला शंका नाही.

कवचाचा एक्स-रे काढला नाही. खर्चाचा विचार करून मीच टाळला. काढला असता तर आतली हाडं किती पातळ झालीत ते कळलं असतं आणि कॅल्शियम किती दिवस चालू ठेवायचं याचा अंदाज बोटानं दाबून करावा लागला नसता.

तक्ता चुकीच्या माणसाच्या हातात दिला, हे वर आलंच आहे. "घरात कोण असतं, कोण भरवतं?" हा प्रश्न मी आता केसपेपरवर लिहून ठेवलाय. झिंगे एका दिवसात पूर्ण बंद करणंही मला आता बरोबर वाटत नाही. डोळे मिटलेल्या, गार पडलेल्या जिवापुढे ओळखीचं एकही खाणं ठेवलं नाही, तेव्हा आजींच्या जागी मी असतो तर मलाही राहवलं नसतं.

आणि त्या दुकानाबद्दल. "बाकी काही लागत नाही" या एका वाक्यानं एक कासव मेलं आणि दुसरं जाता जाता राहिलं. हे कासव वीस-तीस वर्षं जगतं, मादी असेल तर फूटभर लांब होते. नाण्याएवढं पिल्लू विकताना सोबत अर्ध्या पानाचा कागद दिला तरी पुरे: पाणी किती अंश, ऊन कसं, खाण्यात काय काय. तसा कागद मी लिहून त्या दुकानात नेऊन दिला. गल्ल्याशेजारी चिकटवलेला आहे, मध्ये एकदा जाऊन पाहिलं.

टाकीचा प्रश्न अजून बाकी आहे. दोन फुटांची टाकी वर्षभरात अपुरी पडेल. वडील गच्चीवर सिमेंटचा हौद बांधायचं म्हणतात, आई म्हणते वरच्या मजल्यावर वजन नको. आजींचं म्हणणं हौद खाली परसात, शेवग्याच्या झाडाजवळ हवा, म्हणजे डहाळी मोडून थेट पाण्यात सोडता येईल. परसातली जागा मोजायला पुढच्या रविवारी मला बोलावलंय.